मागची सीट

दिवा जरा अलीकडे घ्या, म्हणजे मला तुमचं तोंड दिसेल. ही गोष्ट सांगताना समोरच्याचं तोंड दिसलेलं बरं असतं. आणि आधीच सांगून ठेवतो, यात अमावास्या नाही, वादळ नाही, ओसाड बंगला नाही. जे झालं ते दिवसाउजेडी, माझ्या दुकानाच्या दारातून सुरू झालं आणि तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.

त्या सकाळी मी शेजारच्या वेल्डरकडे माझा पाना परत मागायला गेलो होतो. हा माणूस वस्तू मागून नेतो आणि मग ती आपल्या आजोबांची असल्यासारखी वापरतो. आमची नेहमीची बाचाबाची चालू होती, तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून एका जुन्या मोटरसायकलचा आवाज आला. एकाच सिलिंडरची, जड इंजिनाची गाडी. धड, धड, धड आणि मधेच एक ठोका गायब. पुन्हा धड, धड आणि पुन्हा एक गायब.

"मिस मारतेय," वेल्डर म्हणाला.

"मला कान आहेत," मी म्हणालो.

गाडीवर एक बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, डोळ्यांवर चष्मा, पाठ ताठ. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे गावभर त्यांना 'बाई' याच नावाने ओळखत. त्यांनी गाडी व्यवस्थित वळवली, स्टँडवर लावली आणि मुलाची तक्रार घेऊन आलेल्या आईसारख्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, ही आमच्या ह्यांची गाडी. ते गेल्यावर काही महिने उभीच होती. मला ही डोंगरापलीकडे न्यायची आहे. मुलगी बाळंत झालीय तिथे."

"मग बसने जा की, बाई. गाडी नंतर नेता येईल."

"नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "ह्यांनी तिला शब्द दिला होता, बाळाला बघायला याच गाडीवरून येईन म्हणून. ते काही झालं नाही. निदान गाडी तरी जाऊ दे. पण चढावर ही अशी अडखळली आणि मागून ट्रक आला, तर बाळाला आजोबाही नाहीत आणि आजीही नाही."

एवढं स्पष्ट बोलणारं गिऱ्हाईक मला आवडतं. गाडीही आवडली. माझ्यापेक्षा वयाने मोठी असेल. काळी टाकी, पुढे चालवणाऱ्याची एक सीट आणि मागे वेगळी, छोटी, दोन जाड स्प्रिंगांवर बसवलेली दुसरी सीट. मागच्या चाकाला शॉकअप नसायचे त्या काळात. जे काही धक्के खायचे ते या स्प्रिंगांनी आणि बसणाऱ्याच्या कंबरेने.

उभ्या राहिलेल्या गाडीची दुखणी ठरलेली असतात. प्लग काळा पडतो, पॉइंटवर गंज चढतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा बसतो. मी नवा प्लग टाकला, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून फुंकर मारली आणि ट्रायलला निघालो. नाक्यापर्यंत गेलो, उड्डाणपुलाचा चढ चढलो, परत आलो. एकही ठोका चुकला नाही. बाईंना बोलावलं, किल्ली दिली, पाठ थोपटून घ्यायच्या तयारीत उभा राहिलो. बाई कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथेच, माझ्या कानादेखत, गाडीने एक ठोका गिळला.

मग कंडेन्सर बदलला. मी गेलो, गाडी लोण्यासारखी. बाई गेल्या, मिसिंग. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उतरवला, त्याची गुंडाळी नव्याने करून आणली. मी गेलो, झकास. बाई गेल्या, मिसिंग. मी टायमिंग पुन्हा लावलं, टॅपेट बघितले, टाकीच्या झाकणाचं भोकसुद्धा सुईने मोकळं केलं.

आमच्या धंद्यात एक पद्धत असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. मी ती पद्धत अगदी काटेकोर पाळत होतो आणि तरी रोज तोंडावर आपटत होतो. रात्री झोपेतही मला तो गायब ठोका ऐकू यायचा. म्हणजे खरं तर ऐकू यायचा नाही, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

शेवटी मी जे बोलायला नको होतं ते बोललो. "बाई, राग मानू नका, पण गाडीत काही नाही. तुमच्या हातात आहे. क्लच अर्धवट सुटत असेल."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला पाढे विसरल्यासारखं झालं. "बसा मागे," त्या म्हणाल्या. "आणि माझा क्लच बघा."

मी त्यांच्या मागे बसलो. समोरच्या दुकानदारांना फुकटची करमणूक झाली. बाईंचा हात माझ्याहून स्वच्छ होता. आम्ही नाक्यापर्यंत गेलो, पूल चढलो, उतरलो. गाडी एकदाही अडखळली नाही. दुकानाशी मी उतरलो आणि त्यांना म्हटलं, एक चक्कर एकट्या मारून या. पंधरा-वीस हात गेल्या नसतील, ठोका गायब.

माझी ट्यूब पेटली. वजन! मागे वजन आलं की सीट दबते, सीटखालून जाणारी वायर सरकते आणि तुटका धागा जुळतो. वजन गेलं की सुटतो. इतका आनंद झाला मला की मी वेल्डरला चहा पाजला. मग सगळी वायर नवी घातली.

"आता तू बस आणि एकटा चक्कर मारून ये," मी त्याला म्हणालो. वेल्डर एकटा असला तरी वजनाने दोघांचा आहे. तो कुठे बसला की आधी त्या वस्तूची काळजी वाटते. तो गेला आणि मिस मारत परत आला. मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधून पाठवला, तरी मिसिंग. मग त्याच्या मागे माझ्या बायकोला बसवलं, जी वाळूच्या पोत्याच्या निम्मीसुद्धा भरणार नाही. गाडी गाणं म्हणत गेली आणि गाणं म्हणत आली.

माझ्या बायकोचं सीट शिवायचं काम आहे. दुकानाच्या दुसऱ्या गाळ्यात तिचं मशीन असतं. रेक्झिन, फोम, दाभण, धागा यात तिचा दिवस जातो आणि माझ्या डोकेफोडीत ती सहसा लक्ष घालत नाही. त्या दिवशी गाडीवरून उतरताना मात्र तिने घातलं.

"म्हणजे वजन नाही. माणूस लागतो."

"तसंच दिसतंय बुवा."

"दोन माणसं बसली की नीट चालते. एकटं कोणी गेलं की मिस मारते."

"हो ना. डोकं चालत नाही माझं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो... मग तुम्ही एकटे जाता तेव्हा कशी चालते?"

आता हसू नका, पण हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. मिस्त्री गाडीतली एकेक वस्तू बदलून बघतो, पण स्वतःला कधी धरत नाही त्यात. माझी ट्रायल म्हणजे माझी फूटपट्टी, आणि फूटपट्टीला कोण मोजायला जातं? वेल्डर आपल्या चपलेकडे बघायला लागला. गाडी झाली का बघायला आलेल्या बाई बाकावरून उठल्या.

"तुम्ही बसा बघू गाडीवर," बायको म्हणाली. "चालू नका करू. नुसते बसा."

मी पुढच्या सीटवर बसलो. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं येत-जात होती. ती मागच्या सीटशी वाकून बसली. मला मागचं दिसत नव्हतं, पण ऐकू आलं. जुन्या स्प्रिंगा दाबल्या जाताना होते तशी बारीक करकर. मी हललो नव्हतो.

"काय झालं?"

"दबली," ती अगदी हळू म्हणाली. "मागची सीट दबली..."

"अगं, माझं वजन पडलं असेल चौकटीवर."

"मला सांगू नका. जन्म गेला सीटा शिवण्यात. माणूस बसलं की शिवण कुठे ताणते ते मला कळतं." तिने शिवणीवरून बोट फिरवलं. "नीट बसलंय. रोजची सवय असल्यासारखं."

मी उतरलो. पुन्हा करकर झाली आणि या वेळी मी स्वतः बघितलं. त्या दोन स्प्रिंगा सावकाश, घाई न करता वर आल्या. मी पुन्हा बसलो. पुन्हा खाली. खरं सांगतो, भीती वाटली ती नंतर. त्या घटकेला मला फक्त आणखी एकदा करून बघायचं होतं. वेल्डरला बसवलं, काही नाही. बाईंना बसवलं, काही नाही. मला बसवलं की दबायची.

बाई हळूच पुढे आल्या आणि त्यांनी त्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हेच आहेत," त्या म्हणाल्या. "निघालेत मुलीकडे." आणि मग एकदम बांध फुटल्यासारख्या म्हणाल्या, "पण तुमच्या मागे का, मिस्त्री? मी इतकी फिरवते गाडी, माझ्या मागे का नाही बसत?"

मला त्यांची फार दया आली. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "बाई, पुरुषाची जात. बायकोच्या मागे बसायची लाज वाटत असेल."

त्या रडता रडता हसल्या. "खरंय. बायकोच्या मागे बसतील तर शपथ."

आणि मग आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. किती सहज पटलं! इतके दिवस न सुटलेलं कोडं सुटलं होतं आणि उत्तरही गोड होतं. बाईंनीच ठरवलं, मी त्यांची गाडी चालवत न्यायची, म्हणजे ते मागे बसतील, आणि वेल्डरच्या टेम्पोतून त्या आमच्या पाठोपाठ येतील. दिलेला शब्द पुरा होईल. माझी बायको एवढंच म्हणाली, "पोचलात की लगेच निघा." पण ती ते नेहमीच म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गावात काही जाणवलं नाही. डोंगर लागला आणि इंजिन जड झालं. एकट्या माणसाला ज्या गिअरवर तो चढ सहज निघतो, तिथे मला खालचा गिअर टाकावा लागला. दोन माणसांची गाडी चालत होती ती. पाठीला काही लागत नव्हतं, कंबरेला हात नव्हता, काही नाही. फक्त वळणांवर कळायचं. मागे बसणारा आपल्याबरोबर झुकतो ना, तसं कोणीतरी झुकत होतं. पण माझ्याबरोबर नाही. माझ्या किंचित आधी. वळण झाडीआड असायचं, मला दिसायचं नाही, आणि गाडी हलकेच डावीकडे कलायची... मग वळण यायचं, डावीकडेच.

"रस्ता माहिती दिसतोय, काका," मी हेल्मेटच्या आतल्या आत म्हणालो.

मागून काही आवाज नाही. वास मात्र आला. बरेच दिवस बंद असलेली खोली उघडल्यावर येतो तसला कोंदट, ओलसर वास. पुढून इतका वारा लागत होता, आणि तो वास मागून येत होता. वाऱ्याच्या उलट. मी आरशात टेम्पो दिसतोय ना एवढंच बघत राहिलो. आरशात आणखी काही बघायची माझी छाती झाली नाही.

मुलीचं घर गावाच्या कडेला होतं. पुढे लहानसं अंगण, लोखंडी फाटक, वर एक खोली. मी फाटकाशी गाडी थांबवली आणि पाय जमिनीवर टेकवायच्या आत मागच्या स्प्रिंगा करकरल्या. गाडी हलकी झाली.

बाई टेम्पोतून धावतच आल्या. "उतरले?"

"उतरले," मी म्हणालो.

त्यांनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. मग फाटक उघडून आत गेल्या आणि तिथेच, ते एका हाताने धरून, बाजूला होऊन उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशा. जरा वेळाने त्यांनी फाटक लावलं आणि प्रसन्न चेहऱ्याने वर गेल्या. माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

जावई अंगणातच होता. मोकळा, हसरा, बोलका माणूस. मला पाणी दिलं आणि लगेच गाडीभोवती फिरायला लागला.

"झाली का शेवटी नीट? भारी मिस मारायची ही."

"उभी राहिली की होतं तसं," मी म्हणालो.

"छे, उभी कुठली! सासरेबुवांनी ही जुनी विकत घेतली तेव्हापासून. ते दर रविवारी यायचे ना इकडे, मग मी एक चक्कर मारायचो. माझ्या हातात कायम मिसिंग. ते इथे, या पायरीवर बसून हसायचे. म्हणायचे, जावईबापू, हात कच्चा आहे तुमचा. आणि स्वतः बसले की अशी चालायची, काय विचारता! एक ठोका चुकेल तर!"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मागे कोण असायचं त्यांच्या?"

"कोण असणार? एकटेच यायचे."

"नक्की एकटे?"

"अहो मिस्त्री, सासूबाईंना तेव्हा पाठीचा त्रास, त्या घरीच असायच्या. एकटेच यायचे आणि एकटेच जायचे. तेवढं एक मात्र म्हणायचे, डोंगरात गाडी जड ओढते आणि कसलातरी वास येतो. शेवटी शेवटी त्यांना तो वास घरातही यायला लागला होता. आजारपणात फार चिडायचे त्यावरून."

तो बोलत राहिला. मला पुढचं ऐकू आलं नाही. मी हिशोब मांडत होतो, आमच्या पद्धतीने, एका वेळी एकच गोष्ट. सासरे जिवंत आहेत. पायरीवर बसून हसतायत. गाडीवर जावई एकटा आहे आणि गाडी मिस मारतेय. मग सासरे एकटे निघाले आहेत आणि गाडी नीट चालतेय. म्हणजे मागे जे बसायचं ते तेव्हाही बसायचं. त्यांच्या मागे. ते स्वतः हयात असताना.

"एक मिनिट," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली. उगाच आशा होती, दुसरं काय. मागे बघितलं नाही. फाटकापासून निघालो, एकटा, आणि पहिल्या झाडापर्यंत पोचायच्या आत इंजिनाने ठोका चुकवला. मग आणखी एक. इतक्या दिवसांत माझ्या हातात ती गाडी पहिल्यांदाच मिस मारत होती.

गाडी तिथेच आडवी टाकून मी पळत आलो. जावई "काय झालं, काय झालं" करत माझ्यामागे आला. मी जिना चढलो. दार लोटलेलं होतं आणि दाराबाहेरच मला तो वास आला.

आत बाई पलंगावर बसल्या होत्या. मुलगी उशीला टेकून झोपली होती. बाळ बाईंच्या मांडीवर होतं, दुपट्यात गुंडाळलेलं, टक्क जागं. बाईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली आणि हसल्या. इतक्या सुखात मी त्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं.

"बघा ना मिस्त्री," त्या कुजबुजल्या, "मघापासून रडत होतं. आम्ही आलो आणि एकदम गप्प झालं..."

खोलीच्या कोपऱ्यात पाळणा होता. छताच्या हुकाला एक लांब स्प्रिंग अडकवलेली आणि तिला खाली झोळी, तसला. बाळ तर मांडीवर होतं, त्यामुळे झोळीत कोणी असायचा प्रश्नच नव्हता. मी ती स्प्रिंग बघत उभा राहिलो. तिचे वेढे एकमेकांपासून बोटबोटभर सुटले होते आणि झोळीचा तळ जवळजवळ जमिनीला टेकला होता.